उद्याच्या मतदाराचा हक्क

संसद लोकांनी निवडलेली, न्यायाधीश नेमलेले. तेव्हा दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने केलेली घटनादुरुस्ती न्यायालयाने रद्द करणे म्हणजे लोकांच्या सार्वभौमत्वावर अतिक्रमण होय, असे म्हणणारे आजही बरेच आहेत. त्यांचा रोख केशवानंद भारती खटल्याच्या निकालावर असतो. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मताने ठरवले, की संसद घटनेतले कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

आक्षेपकांचा एक मुद्दा असा, की हा सिद्धान्त जमीनमालकांच्या सोयीसाठी जन्माला आला. याचिकाकर्ते केरळातल्या एडनीर मठाचे मठाधिपती होते आणि नानी पालखीवालांनी त्यांची बाजू लढवली, हे खरे. पण त्याच निकालात केरळच्या जमीन सुधारणा कायद्यांना संरक्षण देणारी २९वी दुरुस्ती वैध ठरली. १९७८मध्ये ४४व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून टाकला, तेव्हाही ही चौकट आडवी आली नाही. मग तिला मालकांची कैवारी कसे म्हणायचे?

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. चौकटीत काय काय येते याची पक्की यादी कुठेही नाही; उद्या न्यायमूर्ती ती आपल्या मर्जीने वाढवतील. हा धोका मी नाकारत नाही. २०१५मध्ये न्यायमूर्तींच्या नेमणुकीसंबंधीची ९९वी दुरुस्ती रद्द झाली. आपल्याच नेमणुकांचा वाद न्यायालयाने याच कसोटीवर निकालात काढावा, हे मलाही खटकते. पण कसोटी एखाद्या वेळी चुकीची लावली गेली म्हणून ती फेकूनच द्यावी, असे ठरत नाही. ती नसती तर काय झाले असते, ते १९७५ साली दिसले.

१२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली. महिना संपायच्या आत आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये, विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात असताना, ३९वी दुरुस्ती दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार झाली. पंतप्रधानांच्या त्या निवडणुकीला आधीचा निवडणूक कायदा लागूच नव्हता असे समजावे आणि उच्च न्यायालयाचा निकाल निरर्थक मानावा, असे तिच्यात लिहिले होते. १० तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ११ला सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सुनावणी होती! बहुमत होते, पद्धत घटनेतलीच होती. आक्षेपकांचा तर्क मानला तर ही दुरुस्ती शिरोधार्य मानावी लागते. मानायची का?

न्यायालयाने ७ नोव्हेंबरला तो भाग रद्द केला. पाचांपैकी चार न्यायमूर्ती १९७३मध्ये अल्पमतात होते. त्यांतल्या यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी ज्या सिद्धान्ताच्या विरोधात मत दिले होते, त्याच्याच आधारे हे कलम फेटाळले. पुढच्या वर्षी ४२व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षांची केली आणि कोणत्याही घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे जाहीर केले. ही बंदी १९८० साली मिनर्व्हा मिल्सच्या निकालात उडाली. तो निकाल लिहिताना चंद्रचूड सरन्यायाधीश होते.

जर्मनीत हे आधीच घडून गेले होते. २३ मार्च १९३३ रोजी तिथल्या संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला. म्हणून १९४९च्या जर्मन घटनेत काही तत्त्वे दुरुस्तीच्या कक्षेबाहेरच ठेवली आहेत.

सार्वभौम लोकांमध्ये आज हरलेलेही येतात आणि पाच वर्षांनी पहिल्यांदा मत देणारेही येतात. आजच्या बहुमताला राज्य करू द्यावे, कायदे बदलू द्यावे, घटनाही बदलू द्यावी. मात्र त्याला हटवण्याचा उद्याच्या मतदाराचा हक्क त्याच्या हाती देता येत नाही. निर्भय निवडणूक, कायद्यापुढची समानता आणि न्यायालयाकडे जाण्याची वाट या तीन गोष्टींवाचून तो हक्क उरत नाही. मूलभूत चौकटीचा गाभा माझ्या मते एवढाच आहे.

न्यायालय सदैव धीट असते असा माझा दावा नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी स्थानबद्धांना दाद मागण्याचा हक्क नाही, असे चार न्यायमूर्तींनी म्हटले, आणि त्या चौघांत चंद्रचूडही होते. न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले. ती चूक मतदारांनी निस्तरली. १९७७मध्ये त्यांनी सरकार बदलले, नव्या संसदेने ४४व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे घटनेतच लिहून ठेवले.