संघ हरतो तेव्हा गॅलरीत कोण असतं?

मैदानाकाठी

भिवंडीच्या बाजारात हातगाड्यांवर लटकणाऱ्या जर्सी बघा. मेस्सीची आकाशी-पांढरी, रोनाल्डोची लाल, मधूनच ब्राझीलची पिवळी. निळी असते ती क्रिकेटची. भारताच्या फुटबॉल संघाची जर्सी मला आजवर एकाही गाडीवर दिसलेली नाही. ज्या गावात रात्रंदिवस कापड विणलं जातं, तिथे आपल्याच संघाचा सदरा कुणाला शिवावासा वाटत नाही, कारण तो कुणी मागत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये एकाच आठवड्यात आशियातल्या दोन देशांचे फुटबॉल संघ बाहेर पडले. इंडोनेशिया जेद्दामध्ये इराककडून ०-१ हरला आणि त्यांचं २०२६ च्या विश्वचषकाचं स्वप्न संपलं. तिकडे संताप उसळला आणि काही दिवसांतच प्रशिक्षक पॅट्रिक क्लायव्हर्टना जावं लागलं. १४ तारखेला मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला. २०२७ च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. दुसऱ्या दिवशी आपल्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यावर एक शब्दही नव्हता. राग नाही, हळहळ नाही. मला हरण्यापेक्षा ही शांतता जास्त लागली.

आपण म्हणतो, संघ जिंकू लागला की लोक येतील. इंडोनेशिया हे म्हणणं खोटं ठरवतो. १९३८ मध्ये ‘डच ईस्ट इंडीज’ या नावाने तो विश्वचषकात खेळलेला आशियातला पहिला संघ. तिथे एकच सामना झाला आणि हंगेरीने ६-० ने हरवलं. त्यानंतर आजवर विश्वचषक नाही. आग्नेय आशियाई अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत ते सहा वेळा पोचले आणि सहाही वेळा हरले. तरी जकार्ताचं गेलोरा बुंग कार्नो स्टेडियम लाल-पांढऱ्या रंगाने भरतं. १९ नोव्हेंबर २०२४ ला त्यांनी सौदी अरेबियाला तिथेच २-० असं हरवलं, तो आनंद या सगळ्या वर्षांच्या हजेरीतून आलेला होता. आणि त्या खेळाडूंच्या छातीवर असतो गरुड. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येचा देश विष्णूचं वाहन राष्ट्रचिन्ह म्हणून मिरवतो आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. भिवंडीत राहणाऱ्या माणसाने यावर थोडा वेळ थांबून विचार करावा.

याच स्टेडियममध्ये भारताने आपल्या फुटबॉलमधलं सर्वांत मोठं यश मिळवलं. १९६२ चे आशियाई खेळ. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी बाहेर ठेवलं, त्यावर आपले क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली आणि जकार्ता भारतावर खवळलं. जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामन्यात आपला संघ उतरला, तेव्हा भरलेलं मैदान आपल्याविरुद्ध ओरडत होतं. आपल्या बाजूने आवाज कुणाचा होता? पाकिस्तानच्या हॉकी संघाचा. ते खेळाडू आपल्यासाठी टाळ्या वाजवत होते, हे आपल्या खेळाडूंनीच पुढे सांगितलं आहे. डोक्याला टाके पडलेला जर्नेल सिंग खरं तर बचावपटू. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढे आणलं आणि त्याने गोल केला. त्याआधीचा गोल पी. के. बॅनर्जींचा. भारत २, कोरिया १.

त्या संघातल्या खेळाडूंची नावं मी मुलांना पाठ करायला सांगेन. कर्णधार चुनी गोस्वामी. गोलात पीटर थंगराज. सिकंदराबादचा तुळशीदास बलराम. राम बहादूर. आणि फोर्तुनातो फ्रँको, मूळचा गोव्याचा आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळलेला. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. या सगळ्यांना घडवणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम कर्करोगाने पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, गेले. देशाचा अभिमान म्हणजे काय, असं कुणी मला विचारलं तर मी या संघाकडे बोट दाखवतो.

हे भिवंडीत लिहिताना मुद्दाम लिहितो आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी या गावाच्या नावाला जो डाग लागला, तो पुसायला अनेकांनी आयुष्य घातलं. सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि मुंबई जळत होती त्या १९९२-९३ मध्ये भिवंडी शांत राहिली. तरीही भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या दिवशी इथल्या काही मोहल्ल्यांतल्या पोरांकडे अजून संशयाने बघितलं जातं. तू कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न न बोलता विचारला जातो. तो अपमान आहे, आणि तो थांबला पाहिजे. कुणाकडून पुरावा मागून अभिमान उभा राहत नाही. एकाच बाकावर बसून एकाच संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडलं की तो आपोआप येतो.

हे आपल्याला जमणार नाही, असंही नाही. कोल्हापूरला जा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ज्या तालमींत पैलवान घडले त्यांनीच फुटबॉल उचलला. शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की पेठाच्या पेठा लोटतात. आजोबा ज्या तालमीचे, नातूही त्याच तालमीचा. तिथूनच रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. इंडोनेशियातही पाया असाच आहे. जकार्ताचा पर्सिजा आणि बांडुंगचा पर्सिब यांचं हाडवैर, पण देशाचा सामना असला की दोघांचे चाहते एकाच रंगात. आधी गल्ली, मग शहर, मग देश. आपण गल्लीच सोडली आणि थेट बार्सिलोनाला जाऊन बसलो.

या वेडाची काळी बाजूही लपवू नये. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियातल्या मलांगच्या कांजुरुहान स्टेडियमवर यजमान संघ सामना हरल्यावर लोक मैदानात उतरले, पोलिसांनी गॅलरीवर अश्रुधूर सोडला आणि दारांकडे धावलेल्या गर्दीत १३५ माणसं मेली. त्यात लहान मुलं होती. त्यानंतर योग्यकार्तात एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या संघांचे चाहते एकत्र प्रार्थनेला जमले. कोल्हापूरच्या मैदानावरही समर्थकांच्या हाणामाऱ्या झाल्या आहेत. ज्यांना हा खेळ प्रिय आहे त्यांनीच त्या रोखायच्या आहेत.

मुंबईचं काय? १ जून २०१८ ला अंधेरीत भारताने चिनी तैपेईला ५-० हरवलं. तिथे प्रेक्षक होते २५६९. कर्णधार सुनील छेत्रीने हात जोडून विनंती केली, आम्हाला शिव्या द्यायच्या असतील तरी या. ४ तारखेच्या केनियाविरुद्धच्या सामन्याला भर पावसात मैदान भरलं आणि भारत ३-० जिंकला. म्हणजे बोलावलं तर लोक येतात. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सीला बघायला वानखेडेवर जमलेल्या गर्दीला तर कुणी विनंतीही केली नव्हती. त्या गर्दीबद्दल माझी तक्रार नाही. मेस्सी बघावाच. पण त्यातल्या किती जणांना फातोर्ड्याचा निकाल ठाऊक होता?

१५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर दहा लाख मुलांना मैदानात उतरवण्याची मोहीम झाली, शाळाशाळांत फुटबॉल वाटले गेले. भिवंडीतल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, ते चेंडू कपाटात असतील तर बाहेर काढा. महापालिकेने एका मैदानावर फुटबॉलचे कायमचे गोलपोस्ट उभारावेत आणि मंडपासाठी ते कधीही देऊ नये. दर हिवाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या चषकांवर मोठी बक्षिसं लावणाऱ्या पुढाऱ्यांनी एक चषक फुटबॉलसाठी ठेवावा, आणि त्यात संघ मोहल्ल्यावार नकोत, शाळावार हवेत.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी भारताचा सामना अंधेरीला किंवा नेरुळला लागला तर घरातल्या मुला-मुलींना घेऊन जा. आपला संघ हरेल असं वाटत असेल, तर नक्की जा.