कागद कुठे ठेवले आहेत?

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर जी रांग लागते, तिच्यातला एक संवाद मला आता पाठ झाला आहे. ‘शाळा सोडल्याचा दाखला?’ ‘घरी आहे, सर.’ ‘घरी कुठे?’ ‘पप्पांना माहीत.’ मग रांगेतून बाजूला होऊन पप्पांना फोन लावला जातो. पप्पा कामावर असतात. ते सांगतात, कपाटाच्या वरच्या खणात, निळ्या पिशवीत. आई शोधते, निळ्या पिशवीतून विजेची बिले निघतात. शिक्षकांच्या खोलीकडे जाता जाता हे ऐकून मी पूर्वी हसत असे. २०१९ सालापासून हसणे बंद झाले. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

मी बोरगावचा. बेळगाव जिल्ह्यातल्या वाचकांना बोरगाव म्हटले की निपाणीजवळचे बोरगाव आठवणार. आमचे ते नव्हे. आमचे बोरगाव मध्य प्रदेशात, सौंसर तहसिलीत, नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर. संत्र्यांचा आणि कापसाचा मुलूख. घरात, बाजारात, भजनात मराठी, कचेरीत हिंदी. मी इथे हिंदी शिकवतो, मराठी बोलतो आणि दुकानांवरच्या कन्नड पाट्या अजूनही अडखळत वाचतो, तेव्हा तीन लिप्या-भाषांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसाने कागदपत्रांविषयी बोलायला हरकत नसावी.

आमचे बाबूजी शाळामास्तर. टापटीप अशी की खडूचे तुकडेसुद्धा लांबीप्रमाणे लावून ठेवत. त्यांची एक लोखंडी ट्रंक होती. किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात. ट्रंकेला हात लावायची आम्हां भावंडांची प्राज्ञा नव्हती. २०१९ च्या पावसाळ्यात बाबूजी गेले. तेराव्यानंतर आम्ही ट्रंक उघडली, तर आत बारा दस्ते, प्रत्येक स्वच्छ फडक्यात बांधलेला, वर शाईने आकडा घातलेला. एक ते बारा. पण कोणत्या आकड्यात काय, याची यादी कुठेच नव्हती. ती बाबूजींच्या डोक्यात होती आणि ती त्यांच्याबरोबर गेली. मायला विचारले, तर ती म्हणाली, ‘मले काय मालूम बाप्पा? ते म्हनत, सारं बराबर हाये, तू कायजी करू नको.’

सारे बरोबर होतेच. एकही कागद हरवला नव्हता. पुढे जो त्रास झाला तो अव्यवस्थेमुळे झाला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. एका माणसाला कळणारी व्यवस्था घराच्या कामी येत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

दस्ते उलगडायला बसलो तेव्हा प्रथम गोंधळ झाला तो भूगोलाचा. आजोबांच्या एका कागदावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’. १९५० नंतरच्या कागदावर ‘मध्यप्रदेश’. पण त्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आम्ही भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिलो. त्यापुढचे सारे कागद छिंदवाडा जिल्ह्याचे. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात गेले, आणि आता निघणाऱ्या कागदावर जिल्ह्याचे नाव निराळे. घर मात्र त्याच जागी, त्याच कडुलिंबाखाली. इथल्या विद्यार्थ्यांना हे नवल वाटू नये. तुमच्या आजोबांच्या दाखल्यावर मुंबई इलाखा असेल, वडिलांच्या दाखल्यावर म्हैसूर राज्य असेल, १९७३ नंतरच्या कागदावर कर्नाटक. आणि २०१४ पासून बेळगावचेही बेळगावी झाले. तोच १ नोव्हेंबर १९५६ आपल्या दोन्ही मुलखांच्या कागदांवरून फिरलेला आहे. घरातल्या जुन्या माणसाने शेजारी बसवून हे सांगितले नाही, तर पुढच्या पिढीला वाटते की हे कागद कुणा परक्या घरचे.

दुसरा गोंधळ ‘ळ’चा. आमच्या आडनावात ळ आहे. बाबूजी मराठी शाळेत शिकले, तिथल्या दाखल्यावर ळ शाबूत. महसुली कागदांत तो ‘ल’ झाला. बँकेच्या इंग्रजी पासबुकात एक ‘ए’ जास्त पडला. शिवाय एका ठिकाणी नावापुढे ‘राव’, एका ठिकाणी ‘जी’. बाबूजी हयात असताना ही तिन्ही-चारी माणसे एकच होती, कारण ते स्वतः जाऊन उभे राहत. ते गेल्यावर ती वेगवेगळी झाली. मायचे कुटुंब निवृत्तिवेतन नावांच्या या फरकापायी अकरा महिने अडले. कोणत्या कचेरीत, ते सांगण्यात अर्थ नाही. टेबलापलीकडचा माणूस नियमाबाहेर काही मागत नव्हता. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र बाबूजींनी हयातीत दहा मिनिटांत करून ठेवले असते.

त्या अकरा महिन्यांत मायने पाटल्या गहाण ठेवल्या. मला कळवले नाही. मी दरमहा पैसे पाठवीत होतो आणि ते पुरतात असे समजत होतो. गहाणाची पावती मला पुढे तुरीच्या डाळीच्या डब्यात सापडली. म्हणजे बाबूजींची ट्रंक, तशी मायची डाळ. कागद लपवून ठेवणे म्हणजेच तो जपणे, ही समजूत आमच्या घरात दोघांचीही होती, आणि मला वाटते, बहुतेक घरांत आहे.

जमिनीची कथा आणखी निराळी. महाराष्ट्रातला शेतकरी सातबारा म्हणतो, आमच्याकडे खसरा, बी-वन आणि ऋण पुस्तिका, तुमच्याकडे पहाणीचा उतारा. खातेदार मेला की वारसांची नावे चढवावी लागतात. त्याला आम्ही ‘फौती नामांतरण’ म्हणतो. बेळगावला आल्यावर एका कन्नड सहकाऱ्याच्या तोंडी ‘पौती खाते’ हा शब्द ऐकला आणि मी चमकलो. शब्द तोच, फौत म्हणजे मरण. राज्ये बदलली, लिपी बदलली, पण मेल्यानंतर धावपळ करण्याची रीत एकच राहिली!

या नामांतरणासाठी वंशवृक्ष लिहून द्यावा लागतो. तो लिहिताना आमच्या चुलतभावाने सुचवले, ‘ताईचं नाव कशाला? तिचं लग्न झालं, उगाच सह्यांचा घोळ.’ इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी त्याच क्षणी ‘नाही’ म्हणालो नाही. वर्गात स्त्री-पुरुष समतेवर निबंध लिहून घेणारा मी एक रात्र गप्प बसलो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला वाटा दिला, २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क दिला. आणि तरी एका कोऱ्या कागदावर बहिणीचे नाव लिहावे की नाही, याचा आम्ही विचार करीत होतो. दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला व नाव घातले. पण तेव्हापासून मला एक संशय आहे. ट्रंकेची किल्ली एकाच पुरुषाच्या खिशात असते, त्यामागे केवळ चोराची भीती नसते. आत काय आहे हे बायका-मुलींना कळू नये, ही सोयही त्यात असते. बाबूजींच्या मनात तसे नव्हते. पण कुलूप मनातले काही ओळखत नाही.

बँकेच्या ठेवीचे म्हणाल, तर आमची एक मुदत ठेव दोन वर्षांनी सापडली, बाबूजींच्या जुन्या बदलीच्या गावच्या शाखेत. आम्ही नशीबवान. दहा वर्षे कुणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेकडील एका निधीत जातात. सरकारी बँकांनी अशी पस्तीस हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत तिकडे वळती केली होती. वारसाला ती नंतरही मागता येते, आणि २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नावाने शोधही घेता येतो. पण नावात ळ आहे की ल, एक ए की दोन, हे आधी माहीत हवे!

‘आम्ही नॉमिनी लावला आहे’ असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर बँकेच्या ठेवीला चार नावे देता येतात. उत्तमच आहे. परंतु नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ज्यांचे ‘कालनिर्णय’ आपल्या स्वयंपाकघरात लटकते, त्या जयंत साळगावकरांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते, काही गुंतवणुकींवर नामनिर्देशनही केलेले होते. २०१३ मध्ये ते गेले. त्यांच्या मिळकतीबाबतच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी सांगितले, की शेअर, म्युच्युअल फंड यांवर ज्याचे नाव लावले आहे तो वारसांना डावलून मालक होत नाही. वाटप मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच व्हायचे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालते. दोन साक्षीदार मात्र हवेत. नोंदणी ऐच्छिक आहे. आणि ज्याला घरात कुणी वाचू नये असे वाटते, त्याने ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवावे; १९०८ च्या नोंदणी कायद्यात तशी सोय आहे. एकट्याच्या नावच्या लॉकरात मृत्युपत्र ठेवणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांच्या हुशारीला काय म्हणावे!

आता आक्षेप. पहिला आक्षेप मायचाच: ‘जित्या मानसासमोर मरनाचं बोलू नये.’ याला उत्तर नाही. मी एवढेच करतो की मरणाचे नाव न काढता ‘आजारपणात लागेल’ म्हणतो. आजारपण बोलायला कुणाची ना नसते. दुसरा आक्षेप चोरीचा आणि भांडणाचा. सगळ्यांना सगळे कळले तर जावई, मेहुणे, भाऊबंद टपतील, असे म्हणतात. ही भीती खोटी नाही. म्हणून काय कुठे आहे याची यादी एक, आणि मूळ कागद दुसरे, असे दोन वेगळे भाग करावेत. यादी दोन-तीन विश्वासू माणसांकडे असावी, त्यात एक तरी बाई असावी. रक्कम लिहू नये, परवलीचा शब्द व पिन तर मुळीच लिहू नये. ठेव आहे, अमुक गावच्या अमुक शाखेत आहे, पावती अमुक दस्त्यात आहे, इतके पुरते. चोराला त्या यादीचा उपयोग नाही, विधवेला आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही म्हणाल की ट्रंका आता राहिल्या कुठे? खरे आहे. तुमच्या वडिलांचे विम्याचे हप्ते, बँक, पॅन, आधार सारे मोबाईलमध्ये आहे. सरकारचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे आणि ते चांगले आहे. मी स्वतः वापरतो. पण ट्रंकेला लोहार मिळतो, मोबाईलला मिळत नाही. ज्या क्रमांकावर आकड्यांचा निरोप येतो, तो क्रमांक पैसे न भरल्यामुळे बंद पडला की पुढची दारे आपोआप बंद. बाबूजींच्या बारा फडक्यांत निदान हात घालता आला. माझा मोबाईल उद्या कुणाच्या हाती आला तर त्याला त्यात संत्र्यांच्या झाडांचे फोटो दिसतील, आणि तेही तो उघडता आला तर.

जुने कागद रद्दीत घालण्याची घाईही नको. २०२३ मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला होता. ‘वाचता येत नाही’ म्हणून घरोघरी जाळलेले कागद कितीतरी असतील.

आमच्या घरी आम्ही काय केले ते सांगतो. शिकवण्यासारखे त्यात फारसे नाही. दोनशे पानी एक वही आणली. बारा दस्त्यांचे आकडे बाबूजींनी घातलेले तसेच ठेवले, कारण ते पुसायचा मला धीर झाला नाही. वहीत प्रत्येक आकड्यापुढे आत काय आहे ते लिहिले. नावांचे जितके फरक, तितके एका पानावर. कोणता कागद कोणत्या राज्याच्या, कोणत्या जिल्ह्याच्या काळातला, ते दुसऱ्या पानावर. वहीची एक प्रत ताईकडे छिंदवाड्याला, एक माझ्याकडे इथे. ट्रंकेच्या दोन किल्ल्या करून घेतल्या. मायला हिंदी वाचायला जड जाते, म्हणून वही मराठीत आहे, आणि तिच्या सोयीसाठी फडक्यांचे रंगही लिहिले आहेत.

गेल्या दिवाळीत आम्ही तिघे ती वही घेऊन ओसरीवर बसलो. ताई एकेक नोंद वाचत होती, माय मान हलवत होती. सारे संपले, तशी माय म्हणाली, ‘अजून एक लिव.’ आणि तिने तीन घरांची नावे सांगितली, ज्यांना तिने भिशीतून पैसे दिले होते. कुणाला किती, केव्हापासून, आणि त्यातल्या कुणाकडून परत मागायचे नाहीत, तेही. यातले काही आम्हां दोघांना माहीत नव्हते. ताईने तेराव्या आकड्याखाली ते लिहून घेतले.