नायट्राइट : जागा बदलली की गुण बदलतो

वाचकहो, मागील पंधरवड्यात एक गृहस्थ आपल्या 82 वर्षांच्या मातोश्रींच्या लघवीच्या तपासणीचा अहवाल घेऊन आले. वार्षिक तपासणीतला साधा कागद. सारे आकडे मर्यादेत होते; केवळ एका ओळीपुढे ‘नायट्राइट : पॉझिटिव्ह’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. मातोश्रींना ताप नव्हता, लघवीला जळजळ नव्हती, जेवणखाण नेहमीप्रमाणे होते. तरीही घरात दोन रात्री कोणाला धड झोप लागली नव्हती आणि औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या प्रतिजैविकाच्या तीन गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या होत्या. गृहस्थांनी विचारले, “हे नायट्राइट म्हणजे विषच ना? मग बिटाच्या रसातून नायट्राइट मिळते व रक्तदाब उतरतो, असे लोक सांगतात ते कसे?”

दोन्ही शंका रास्त आहेत, आणि त्यांचे उत्तर एकच आहे. नायट्रेटमध्ये नायट्रोजनच्या एका अणूला ऑक्सिजनचे तीन अणू जोडलेले असतात. त्यांतील एक काढून घेतला की उरते ते नायट्राइट. हे काढून घेण्याचे काम बहुधा जीवाणू करतात. ते काम कोठे चालले आहे, यावर त्याचा गुण अथवा दोष ठरतो.

प्रथम मूत्राशयाकडे पाहू. आपल्या लघवीत नायट्रेट नित्यच असते. नायट्राइट मात्र जवळजवळ नसते. ई. कोलाय यांसारखे जीवाणू मूत्राशयात वाढले, तर ते नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि तपासणीच्या पट्टीवरचा चौकोन गुलाबी होतो. पीटर ग्रीस या रसायनशास्त्रज्ञाने 1879 मध्ये वर्णिलेली रंगक्रियाच आजही या पट्टीच्या मुळाशी आहे. या रूपांतरासाठी लघवी सुमारे चार तास मूत्राशयात राहावी लागते, म्हणून सकाळची पहिली लघवी तपासणीस उत्तम. काही जीवाणूंना हे रूपांतर करताच येत नाही. त्यामुळे चाचणी निगेटिव्ह आली म्हणून संसर्ग नाहीच, असेही म्हणता येत नाही. शिवाय नमुना बाटलीत तासन्‌तास तसाच राहिला, तर बाहेरचे जीवाणू त्यात वाढून पट्टी उगाचच रंगू शकते.

येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी : पट्टी जीवाणूंची चाहूल देते, आजाराचा निवाडा करीत नाही. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, कोणताही त्रास नसताना लघवीत जीवाणू आढळणे ही सामान्य गोष्ट आहे. अशा वेळी प्रतिजैविके देऊ नयेत, असाच आजच्या वैद्यकाचा सल्ला आहे. मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेपूर्वीची वेळ यांसारखे मोजके अपवाद सोडून. विनाकारण घेतलेल्या गोळ्यांनी जुलाब लागतात, आणि चिवट जीवाणू मागे उरून खऱ्या संसर्गाच्या वेळी तेच औषध निकामी ठरू शकते. मात्र लघवीला जळजळ, नव्याने वारंवार लागणारी लघवी, ओटीपोटात वा कमरेच्या बाजूला वेदना, ताप, हुडहुडी यांपैकी काही असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. वृद्ध व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागली, तरीही दाखवावेच. पण त्याचे कारण लघवीतच आहे असे गृहीत धरू नये. त्या मातोश्रींना त्यांच्या डॉक्टरांनी नीट तपासले आणि गोळ्या थांबवल्या. त्या सुखरूप आहेत.

आता मुखाकडे वळू. पालक, बीट, मुळा, माठ यांतून पोटात गेलेले नायट्रेट रक्तात उतरते आणि त्याचा सुमारे चौथा हिस्सा लाळग्रंथी पुन्हा तोंडात आणतात. जिभेच्या मागील भागावर वस्ती करून राहिलेले जीवाणू त्यातून नायट्राइट बनवतात. ते गिळल्यावर जठरातील आम्लात व पुढे रक्तात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते. हा वायू रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतो. त्याच्या या कार्याच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना 1998 चे नोबेल पारितोषिक लाभले. त्याहूनही बराच आधी, 1867 मध्ये, एडिंबरोच्या लॉडर ब्रंटन यांनी छातीत कळ येणाऱ्या रुग्णांना अमिल नायट्राइट हुंगावयास देऊन वेदना शमल्याचे नोंदवले होते. हृदयविकाराच्या रुग्णांना आज जिभेखाली ठेवावयास दिली जाणारी गोळी याच घराण्यातली.

2015 साली लंडनमध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना चार आठवडे रोज 250 मिलिलिटर बिटाचा रस दिला असता वरचा रक्तदाब सरासरी सुमारे 8 अंकांनी उतरला. त्याच संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना आठवडाभर जंतुनाशक द्रवाने चुळा भरावयास लावल्या, तेव्हा लाळेतील नायट्राइट सुमारे 90 टक्क्यांनी घटले आणि रक्तदाब दोन ते साडेतीन अंकांनी चढला. म्हणजे मूत्राशयात जे जीवाणू नकोसे, तशाच कामाचे जीवाणू मुखात हवेसे! दात जरूर घासावेत, कवळी रोज स्वच्छ करावी. परंतु क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दंतवैद्यांनी सांगितल्या तितकेच दिवस कराव्यात.

यावरून कोणी रक्तदाबाची गोळी सोडून बिटाचा रस धरू नये. मुतखड्याचा पूर्वेतिहास असेल, तर बीट व पालक यांतील ऑक्झलेट त्रासदायक ठरते. मूत्रपिंडे दुर्बल असतील, तर त्यांतील पोटॅशियम. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू नये वा घटवू नये. आणि बीट खाल्ल्यावर लघवी तांबूस झाली, तर आधी कालचे जेवण आठवावे.

तिसरी जागा विहिरीची. 1945 मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॉ. हंटर कॉम्ली यांनी निळसर पडलेल्या तान्ह्या बाळांचा उलगडा केला : त्यांचे दूध ज्या विहिरींच्या पाण्यात कालवले जाई, त्यांत नायट्रेट अतोनात होते. त्याचे नायट्राइट झाले की ते हिमोग्लोबिनचे रूप पालटते आणि रक्ताला ऑक्सिजन पोहोचवता येत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळांना हा धोका सर्वाधिक, कारण हे रूप पूर्ववत करणारी यंत्रणा त्यांच्या रक्तात अजून दुबळी असते.

ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातील सुमारे 20 टक्के नमुने ही मर्यादा ओलांडणारे आढळले, आणि सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव व यवतमाळ ही आपलीच नावे आहेत. रासायनिक खते, गुराढोरांचे मलमूत्र व सांडपाणी ही त्याची मुख्य कारणे. आजी-आजोबांनी येथे एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी : पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. नातवंडासाठी वरचे दूध विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात करण्यापूर्वी ते पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. आरओ यंत्राने नायट्रेट बरेच कमी होते.

राहिले स्वयंपाकघर. शिजवलेली पालेभाजी ओट्यावर तासन्‌तास राहिली, तर जीवाणू तिच्यातील नायट्रेटचे नायट्राइट करू लागतात. ती ताजी खावी. उरल्यास लवकर फ्रीजमध्ये ठेवावी, आणि बाळाला तर उरलेली देऊच नये. पानात लिंबाची फोड असू द्यावी, कारण नायट्राइटपासून कर्करोगकारक नायट्रोसमाइन बनण्यास क जीवनसत्त्व अडसर घालते. सॉसेज, सलामी यांसारख्या मांसात नायट्राइट मुद्दाम घातलेले असते. अशा प्रक्रिया केलेल्या मांसास जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. ते नित्याच्या आहारात नसावे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी अहवालात हा शब्द दिसला, तर औषधांच्या दुकानाची पायरी चढण्याआधी घरच्या वडीलधाऱ्यांजवळ क्षणभर बसावे आणि विचारावे, “तुम्हांला काही त्रास होतो आहे का?” पट्टीच्या रंगाइतकेच या उत्तरालाही मोल आहे. अहवाल आणि हे उत्तर, दोन्ही घेऊनच डॉक्टरांकडे जावे.