विश्लेषण : 52 वजा 27 बरोबर 35? गणिताचे ॲप मुलांची चूक ‘ओळखते’ म्हणजे काय करते?

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर : घरात फोन एकच आणि तो वडील कामावरून परतल्यावरच मुलांच्या हाती येतो. अशा घरांत आता गृहपाठाचे गणितही फोनलाच विचारले जाते. उत्तर काही सेकंदांत मिळते, पण त्यातून मूल गणित शिकते का?

फुली मारणे आणि चूक शोधणे

52 मधून 27 वजा करताना अनेक मुले 35 लिहितात. हा निष्काळजीपणा नसतो. हातचा घेण्याऐवजी प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम मुलाने मनाशी पक्का केलेला असतो. 1978 मध्ये जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी अशा चुकीच्या नियमांची संगणकीय मांडणी केली. हुशार शिकवणी प्रणालीचे मूळ अशाच कामात आहे. 35 हे उत्तर आले की प्रणाली 81 वजा 46 विचारते. तिथे 45 आले, तर संशय पक्का. 63 वजा 21 विचारून उपयोग नाही, कारण चुकीच्या नियमानेही तिथे बरोबर उत्तर येते!

मराठीची वेगळी अडचण

‘त्रेसष्ट’ ऐकताना तीन आधी ऐकू येतात, साठ नंतर. त्यामुळे मूल 36 लिहून मोकळे होते. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा विधिमंडळापर्यंत वाद गेला. विनोद भरपूर झाले, मूळ अडचणीवर मात्र कमी बोलले गेले. इंग्रजीवरून भाषांतर केलेल्या ॲपला ही चूक दिसणारच नाही.

राज्यात 2020 मध्ये कोरोनाकाळात ‘स्वाध्याय’ हा व्हॉट्सॲपवरचा साप्ताहिक सराव सुरू झाला. साध्या स्मार्टफोनवर तो चालला, हे त्याचे बलस्थान. पण पर्यायी प्रश्नात मूल उत्तरापर्यंत कसे पोहोचले, ते दिसत नाही.

फायदा होतो का?

दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांना सोडत काढून ‘माइंडस्पार्क’ केंद्रांत प्रवेश दिला गेला. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातील प्रगती इतरांच्या दुपटीहून अधिक होती, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. तिथे संगणकाबरोबर छोट्या गटाला शिकवणारी व्यक्तीही होती, हे जाहिरातींत सहसा येत नाही. आणखी एक गोष्ट : शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र ठळक फरक पडला नाही. मुले इयत्तेच्या बरीच मागे होती. ॲप त्यांना मागच्या इयत्तांचे गणित शिकवत होते आणि परीक्षा चालू इयत्तेची होती.

चॅटबॉटचे काय?

तुर्कस्तानात सुमारे हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. साध्या चॅटबॉटमुळे सरावात गुण 48 टक्क्यांनी वाढले. नंतर तो काढून घेतल्यावर हीच मुले, ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा 17 टक्के मागे पडली. उत्तराऐवजी फक्त इशारे देणाऱ्या आवृत्तीत हे नुकसान बहुतांशी टळले.

ॲपचे पैसे भरण्याआधी पालकांना एक चाचणी घरीच घेता येईल. 52 वजा 27 चे उत्तर मुद्दाम 35 टाका. ॲप लगेच 25 दाखवून पुढे गेले, तर ती शिकवणी नव्हे, उत्तरपत्रिका. त्याने हातच्याबद्दल विचारले, तर पुढचा आठवडाभर फुकट वापरून पाहायला हरकत नाही.