यंत्रांच्या गोष्टी : लॉरी धूर का टाकते?

मागच्या अंकानंतर एका वाचक भगिनींचं पत्र आलं. मुलगा सतरा वर्षांचा, गणित उत्तम, फिजिक्सही चांगलं. पण युनिव्हर्सिटीचे फॉर्म बाजूला सारून चिरंजीव म्हणतात, "मला लॉऱ्यांच्या वर्कशॉपमधे ॲप्रेंटिसशिप करायची आहे." घरात वादळ. पुण्याहून आजोबांचा फोन, "इतक्या लांब जाऊन नातू शेवटी मिस्त्रीच होणार का?" बाईंचा प्रश्न साधा आहे : या कामात डोकं लागतं का, की नुसते हातच काळे करायचे? चार ओळींत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून या वेळचं सदर त्यालाच.

आजोबांना आधी त्यांच्याच गावाची आठवण करून देतो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात १९४६ साली उभी राहिली, आणि १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स. त्याच कमिन्सची इंजिनं इथे डार्लिंग्टनला बनतात. आपल्या घाटांतून धावलेल्या लेलँड गाड्यांचं मूळ तर लँकेशायरमधल्या लेलँड गावचं. मद्रासच्या अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली ती १९५५ साली. तेव्हा पुण्याच्या माणसाने डिझेल इंजिनाला नाक मुरडणं म्हणजे जरा गंमतच आहे.

आता कामाकडे वळू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबतात की ती प्रचंड तापते, आणि तीत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. (ज्याचं नाव या इंजिनाला मिळालं तो रुडॉल्फ डिझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री ॲन्टवर्पहून हार्विचला येणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला. ती हकिगत पुन्हा केव्हातरी.) म्हणजे हवा, दाब आणि डिझेल या तिघांचं जमलं की इंजिन चालतं. कोणाचं बिनसलंय ते जुने मिस्त्री धुरावरून ओळखत. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी : एअर फिल्टर चोंदला, टर्बोकडून येणारा होज फाटला, नाहीतर नोझल नीट फवारत नाही. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खाते. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्हचे गाइड गेले किंवा टर्बोचं सील. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा आला तर चालायचंच, ते न जळलेलं डिझेल. पण इंजिन तापल्यावरही येत राहिला, वास गोडसर आला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. आणि सेल्फ मारल्यावर धूरच येत नसेल? तर बहुधा डिझेल पोचतच नाहीये. तिथे नोझल उघडत बसण्यात अर्थ नाही.

ही झाली जुनी विद्या. नव्या इंजिनांत काँप्युटर बसला आणि लोकांना वाटू लागलं की लॅपटॉप जोडला, कोड वाचला, पार्ट बदलला, संपलं! तसं नसतं. माझ्या ओळखीच्या एका गुजराती गृहस्थांची एकच लॉरी, स्वतःच चालवतात. ती चढावर दम टाकू लागली. एका वर्कशॉपने कोड वाचला : रेलमधला दाब कमी. त्यांनी सेन्सर बदलला, मग हाय-प्रेशर पंप बदलला. बिल बघून गृहस्थांचाच दाब वाढला! आठवड्याने तोच कोड पुन्हा हजर. आता हप्ता चुकतो की काय, अशी पाळी आली. दुसऱ्या ठिकाणच्या म्हाताऱ्या कारागिराने लॅपटॉप जोडण्याआधी दोनच गोष्टी केल्या. आधी विचारलं, "हे सुरू व्हायच्या आधी गाडीला काय काय केलं होतं?" तर फिल्टर बदलला होता. मग त्याने पंपाच्या आधीच्या नळीत हातभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू केलं. नळीतून बुडबुडे निघाले. फिल्टरच्या बैठकीतलं रबरी सील पिळलं गेलं होतं. सील काही पेनींचं.

यातली मेख अशी की टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. तिथे फट पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. जमीन कोरडी, म्हणून सगळे म्हणतात गळती नाही! काँप्युटरने खोटं सांगितलं नव्हतं. दाब कमी होता हे खरंच. पण का कमी, हे त्याला कळत नाही. चोंदलेला फिल्टर, आत शिरणारी हवा, झिजलेला पंप, परतीच्या वाटेने जास्त डिझेल सोडणारं इंजेक्टर, तुटत आलेली वायर, या सगळ्यांना कोड तोच. त्यांतला गुन्हेगार कोण, हे एकेक चाचणी करून आणि एकेकाला वगळून शोधावं लागतं. स्वस्त आणि सोपी चाचणी आधी, महाग पार्ट शेवटी. गणित चांगलं असलेल्या मुलाला हे काम का आवडतं, ते आता लक्षात आलं असेल.

चढावरच का दम टाकते, हाही मजेशीर प्रश्न आहे. सपाटीवर इंजिनाला डिझेल थोडं लागतं, अर्धा चोंदलेला फिल्टरही तेवढं पुरवतो. एम ६२ वर मँचेस्टरकडून पेनाइन्स चढू लागलात (रस्ता तिथे ३७२ मीटरवर जातो, इंग्लंडमधल्या मोटरवेंत सर्वांत उंच) की मागणी वाढते आणि पितळ उघडं पडतं. बोरघाटातही हेच व्हायचं. फिल्टर नवा घालूनही पुन्हा पुन्हा भरत असेल तर टाकीत बघावं. हल्ली डिझेलमधे ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असतं, ते पाणी धरतं, आणि तळाच्या पाण्यात जंतू वाढून बुळबुळीत थर जमतो. टाकी धुतल्याशिवाय सुटका नाही.

आईच्या काळजीचा एक मुद्दा मात्र खरा आहे. जुन्या इंजिनांत कोणता सिलिंडर मिसिंग करतोय हे बघायला चालू इंजिनावर नोझलच्या पाइपचा नट पान्याने जरा ढिला करत. ज्याचा नट ढिला करूनही आवाज बदलत नाही, तो आजारी. आपल्याकडचा कुठलाही क्लीनर हे शिकून आलेला असे. नव्या कॉमन-रेल इंजिनावर हे कधीही करायचं नाही. गाडीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते. या रेलमधे दोन हजार बारपर्यंत दाब असतो. ती धार कातडीतून आत शिरते. वर टाचणीएवढं भोक दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत बोट नासायला लागतं. ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं. तीच चाचणी आता लॅपटॉपवरून एकेक सिलिंडर बंद करून होते. म्हणजे जुन्या विद्येतला विचार ठेवायचा, पाना खाली ठेवायचा.

एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरचंही असंच. तो भरला की काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळून टाकतात. पण वरचेवर भरतो, याचा अर्थ वर कुठेतरी इंजिनच जास्त काजळी करतंय किंवा ऑइल खातंय. काही "हुशार" लोक तो काढूनच टाकतात. तसली गाडी रस्त्यावर आणणं इथे गुन्हा आहे, आणि २०१४ पासून एमओटीतही ते बघतात. चांगल्या कारागिराला असल्या गोष्टींना नाही म्हणता आलं पाहिजे. लॉरीच्या तपासणीचा कागद मालकाला निदान १५ महिने जपावा लागतो आणि त्यावर कारागिराची सही असते.

इंग्लंडमधे या ॲप्रेंटिसशिपला सोळा पूर्ण लागतात, ती लेव्हल ३ ची असून सुमारे तीन वर्षं चालते. पगार पहिल्या दिवसापासून, सुरुवातीला बेताचाच, पण फीचं कर्ज नाही. बाईंनी मुलाबरोबर एकदा वर्कशॉप बघून यावं. लॅपटॉप सगळीकडे असतोच. मल्टिमीटर, प्रेशर गेज आणि ती पारदर्शक नळी हाताशी आहे का ते बघावं, आणि फोरमनला विचारावं की पार्ट बदलण्याआधी शिकाऊ मुलांकडून कोणत्या चाचण्या करून घेता. तो दहा मिनिटं उत्साहाने बोलला तर जागा चांगली.