दैत्य परत येतात, ते कशासाठी?

लेखकाची कल्पनाशक्ती आटली की तो जुन्या दैत्यांना हाक मारतो, असा एक आक्षेप अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकीत वारंवार ऐकू येतो. बंद पडलेली मालिका पुन्हा सुरू व्हावी, तीत तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा राक्षस नव्या रंगरंगोटीने उभा राहावा आणि प्रेक्षकांनी टाळ्या पिटाव्यात, हा प्रकार आक्षेपकांस वाङ्मयीन दिवाळखोरीचे लक्षण वाटतो. उलट पक्षी, मालिका काढणारे व्यापारी 'लोकांस जे हवे तेच आम्ही देतो' एवढे बोलून मोकळे होतात. आमच्या मते हे दोन्ही पक्ष सारखेच चुकलेले आहेत. दैत्याने परत येणे हा दोष नव्हे; आणि लोकांस तो हवा आहे, हे त्याच्या परत येण्याचे पुरेसे समर्थनही नव्हे. तो येताना कोणता नवा प्रश्न घेऊन आला, एवढे पाहावे आणि त्यावरून निकाल द्यावा.

हा वाद लंडन-मुंबईच्या लोकांचा. रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावी बसून तो उकरून काढण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. दैत्यांच्या बाबतीत आमचा मुलूख मुळीच दरिद्री नाही. केनवडहून लोणार फार लांब नाही. तेथील सरोवर म्हणजे लवणासुराचे विवर, आणि त्याला मारणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन हे देवालय तेथे आजही उभे आहे. अलीकडच्या मेहकरचे नाव मेघंकर नामक असुरावरून पडले, असे सांगतात. विहिरीवरच्या आसरा, पिंपळावरचा मुंजा आणि रात्रीच्या वाटसरूस शिवारात गोलगोल फिरविणारा चकवा ही मंडळी तर घरोघरच्या ओळखीची. ज्या मुलांच्या कानांवर आजीच्या तोंडून ही नावे पडतात, त्यांच्याच हाती आज फोन आहे, आणि त्या फोनात विलायती मालिकेचा दैत्य व मराठी मालिकेचे भूत शेजारी शेजारी नांदतात. तेव्हा कोणता दैत्य मुलांस काय शिकवितो, हा प्रश्न आमच्या उंबरठ्याच्या आतला आहे.

प्रथम विलायतेचे उदाहरण घेऊ. बी. बी. सी.ची 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथामालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे मूळचे लखनौचे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानी नसते. मालिकेचे जनक सिडनी न्यूमन यांस मुलांना इतिहास व विज्ञान शिकवावयाचे होते. बटबटीत डोळ्यांचे राक्षस त्यांस नको होते. परंतु निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट यांनी टेरी नेशन या लेखकाचे 'डालेक' नावाचे दैत्य पडद्यावर आणिले, आणि मालिका जगली ती त्यांच्याच बळावर. पोलादी कवचात बसलेला, आपल्याहून भिन्न असे जे जे काही असेल ते नष्ट झालेच पाहिजे एवढेच जाणणारा हा प्राणी. नेशन यांचे बालपण दुसऱ्या महायुद्धात गेले होते, आणि त्यांनी या दैत्यांत नाझींचे रूप उतरविले. म्हणजे ज्या दैत्यास पंतोजींनी दाराबाहेर ठेविले होते, त्यानेच वंशद्वेषाचा धडा पंतोजींहून अधिक नीट शिकविला!

१९८९ साली ही मालिका बंद पडली. १९९६ चा एकच चित्रपट वगळता ती पुढे सोळा वर्षे निद्रिस्त होती. २००५ च्या मार्चमध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी ती पुन्हा उभी केली. आपल्याकडे 'शक्तिमान' संपली तीही याच साली. नव्या पर्वात डालेक येणार की नाही, हे काही काळ हक्कांच्या वाटाघाटींवर लोंबकळत होते. अखेर ३० एप्रिल २००५ रोजी तो आला. पण कसा आला, हे पाहण्याजोगे आहे. रॉबर्ट शिअरमन यांनी लिहिलेल्या त्या कथेत सैन्ये नाहीत. एका धनाढ्याच्या भूमिगत संग्रहालयात एकच डालेक साखळदंडांनी जखडलेला आहे. जुना दैत्य अक्षरशः संग्रहालयातली वस्तू झाला आहे. आक्षेपकांचे म्हणणे लेखकाने आधीच मान्य करून टाकिले! आणि त्या असहाय शत्रूस पाहून दयाळू म्हणून ख्याती असलेल्या नायकाच्या मुखावर काय उमटते? तर आनंद. महायुद्धात उभय जातींचा संहार होऊन हे दोघेच उरलेले. नायक त्या बांधलेल्या जिवास छळावयास धावतो. तेव्हा दैत्य त्याला सुनावतो की, तू उत्तम डालेक झाला असतास. पुढे दैत्य एका मुलीच्या स्पर्शाने बदलत जातो, त्यास उन्हाची ओढ लागते. आणि बंदूक घेऊन उभा असतो तो नायक. द्वेषाविरुद्ध लढता लढता आपण स्वतः काय झालो, हा प्रश्न १९६३ च्या कथेत नव्हता. तो विचारण्यासाठीच दैत्य परत आला होता. यास दिवाळखोरी म्हणणाऱ्याने भांडवल कशास म्हणतात ते आम्हांस सांगावे.

दुसरे उदाहरण सायबरमनांचे. १९६६ साली किट पेडलर या वैद्यकीय संशोधकाने जेरी डेव्हिस यांच्यासह हे दैत्य रचिले. एकेक अवयव काढून कृत्रिम अवयव बसवीत गेलेला माणूस अखेर माणूस उरतो काय, ही त्यांमागची धास्ती. २००६ मध्ये ते परतले तेव्हा अवयवरोपणाचे भय लोकांस उरले नव्हते. म्हणून लेखकाने नवी योजना केली. प्रत्येकाच्या कानात एक यंत्र आहे. दिवसभराच्या बातम्या त्यातून थेट मेंदूत ओतल्या जातात. त्या वेळी रस्त्यावरचा प्रत्येक मनुष्य जागच्या जागी थिजतो, आणि पुढे त्याच यंत्राच्या हुकमाने माणसे आपल्या पायांनी कारखान्यात चालत जातात. आज घरातली चार माणसे चार पडद्यांवर चार प्रकारे हसत असतात. त्या घरातील वडीलधाऱ्यांस या दैत्याची ओळख करून देण्याचे कारण नाही.

हा नियम विलायतेत जन्मलेला आहे असे मात्र कोणी समजू नये. दैत्याच्या पुनरागमनाचे शास्त्र आपल्या पुराणांनी फार पूर्वी सांगून ठेविले आहे. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय शापामुळे तीन वेळा जन्मास आले: प्रथम हिरण्याक्ष व हिरण्यकशिपु, मग रावण व कुंभकर्ण, शेवटी शिशुपाल व दंतवक्र. जीव तेच, पण पाप प्रत्येक खेपेस निराळे. हिरण्यकशिपूस स्वतःच देव व्हावयाचे होते. रावण विद्वान असून परस्त्रीच्या अपहारापायी बुडाला. शिशुपालाचा अपराध तर भर सभेतील शिवीगाळीचा, म्हणजे नुसत्या जिभेचा. पाप बदलले म्हणून अवतारही बदलला. नरसिंहाचा उपाय रावणावर चालला नसता, आणि शिशुपालासाठी सेतू बांधण्याचे कारण नव्हते. परत येणाऱ्या दैत्याने नव्या नायकास जन्म द्यावा लागतो, हा त्या कथेचा मथितार्थ.

दुसऱ्या प्रकारचे पुनरागमन रक्तबीजाचे. त्याच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून हुबेहूब तसाच असुर उठे. संख्या वाढे, अर्थ तेवढाच राही. 'डॉक्टर हू' हाही या रोगातून सुटलेला नाही. २००५ च्या पर्वाअखेरीस एकाचे लाखो डालेक झाले. पुढे २००६, २००७, २००८ अशी ओळीने ते येत राहिले. शेवटचा मारला म्हणावे तो पुढच्या वर्षी आणखी एक शेवटचा हजर! २०१० मध्ये तर त्यांस पाच रंग देण्यात आले. रंगांनी भय वाढत नाही, खेळण्यांचे दुकान तेवढे सजते. कालीने रक्तबीजाचा थेंब भूमीवर पडू दिला नाही. मालिकेच्या संपादकाने प्रसंगी तशी काली होण्याची तयारी ठेविली पाहिजे.

आता आपल्या घरात पाहू. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या 'झपाटलेला' चित्रपटातील तात्या विंचू हा मराठी मुलांच्या दोन पिढ्यांचा लाडका दैत्य. बोलक्या बाहुल्यांच्या खेळासारख्या निरुपद्रवी करमणुकीत गुन्हेगाराचा आत्मा शिरावा, ही कल्पना बीजतः परदेशी असली तरी रामदास पाध्ये यांच्या बाहुलीने आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाने ती अस्सल मराठी केली. २०१३ मध्ये तात्या विंचू परतला तो त्रिमितीत परतला. डोळ्यांस एक मिती अधिक मिळाली. कथेस मिळाली नाही. मधल्या वीस वर्षांत मुलांच्या हातची बाहुली जाऊन तिथे बोलणारे यंत्र आले होते. तो प्रश्न तात्याच्या अगदी हाताशी होता, पण त्याला तो कोणी विचारू दिला नाही.

दूरचित्रवाणीवरील 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. २०१६ साली ती आली. २०१९ च्या दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन अण्णा नाईक आणि शेवंता यांस जिवंत माणसे म्हणून उभे केले. आमच्या मते ते पर्व सर्वांत सरस, कारण तेथे भयाला कारण होते. जमीन, पैसा आणि पुरुषी सत्ता यांच्या जोरावर एक मनुष्य गावाला कसा ग्रासतो, हे त्यात दिसले. माधव अभ्यंकरांचा अण्णा भूत होण्याआधीच भयंकर होता. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात मात्र तीच दोघे भुते म्हणून परतली, आणि माणसाच्या अपराधाची जागा पिशाच्चाच्या सूडाने घेतली. चेहरे परत आले, प्रश्न मागेच राहिला.

यात बिघडले काय, करमणूकच तर आहे, असे म्हणणाऱ्यांस आमचे उत्तर स्पष्ट आहे. ज्या राज्यात भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसास मारहाण होऊ नये म्हणून कायदा करावा लागतो, आणि तोही २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर, त्या राज्यात कारण नसलेले भूत ही निव्वळ करमणूक राहत नाही. डालेकास कारण आहे: तो द्वेषातून घडविला गेला. सायबरमनास कारण आहे: तो सोयीच्या हव्यासातून घडला. अशा दैत्यास घाबरलेले मूल कारण शोधावयास शिकते. कारणरहित भुतास घाबरलेले मूल मांत्रिक शोधावयास शिकते. या दोन भयांतील अंतर ज्यांस दिसत नाही, त्यांनी मुलांच्या करमणुकीचा धंदा करू नये.

तथापि मुलांस दैत्य दाखवूच नयेत, असे म्हणणाऱ्या पालकांच्या पंक्तीसही आम्ही बसत नाही. दैत्य घराबाहेर काढला म्हणून दुष्टता घराबाहेर जात नाही. २०१८ मध्ये याच 'डॉक्टर हू'ने जुने दैत्य सबंध पर्वभर बाजूस ठेविले. त्या पर्वात विनय पटेल यांनी लिहिलेली १९४७ च्या पंजाबची एक कथा आहे. तीत भेसूर चेहऱ्याचे दोन परग्रहवासी दिसतात आणि सर्वांचा संशय त्यांच्यावर जातो. पण ते केवळ एकाकी मरणाऱ्यांचे साक्षी असतात. घात करतो तो वराचा सख्खा भाऊ, फाळणीच्या विषाने भारलेला. ज्या मुलाने आधी खोट्या दैत्यांस पारखले असेल, त्यासच हा खरा दैत्य ओळखता येईल.

तेव्हा आमचे मागणे मराठी लेखकांजवळ आहे. सामग्री नाही, ही सबब चालणार नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ पासून विज्ञानकथेस मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली आणि 'वामन परत न आला' या कादंबरीत पुराणातले नाव बुद्धिमान यंत्रास देऊन वाट दाखविली. २०२५ मध्ये ते गेले. वाट तेथेच आहे. आमचा लवणासुर तर लोणारात खोळंबून बसला आहे. त्याचे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे, बेसाल्टच्या खडकात उल्काघाताने झालेले, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा असुराचे रक्त आठवणारे काही थोडे नव्हते. संशोधकांनी पाणी तपासून खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव दाखविले. आकाशातून आलेला आघात, खारे पाणी, रंग बदलणारे जीव, काठी दैत्यसूदन: एवढे सारे असता लवणासुराने पुन्हा उठू नये काय? अवश्य उठावे. फक्त त्याने येताना आजच्या माणसाचे पाप ओळखून यावे, आणि आपल्याला मारणारा नवा नायक कोण, हे आम्हांस विचारावे. हे ज्यास साधेल त्या लेखकाचे केनवडच्या घराघरांत स्वागत होईल. ज्यास केवळ जुना मुखवटा धुऊन पुसून पुन्हा विकावयाचा असेल, त्याने रक्तबीजाचा शेवट एकदा वाचून पाहावा.