स्थगितीचा हिशेब कोणाच्या नावे?

खरिपाची अंतिम पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की शासनाच्या सवलतींची यादी प्रसिद्ध होते. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी, अशी ती यादी यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. सूट, माफी आणि स्थगिती हे तीन शब्द तेथे एका ओळीत बसलेले असतात, आणि ऐकणाऱ्याला ते सख्खे भाऊ वाटतात. वस्तुस्थिती तशी नाही. सूट आणि माफी यांनी देणे संपते किंवा कमी होते. स्थगितीने ते फक्त पुढे जाते, आणि बहुधा वाढून पुढे जाते.

जुनी महसुली भाषा या बाबतीत अधिक प्रामाणिक होती. साऱ्याची 'तहकुबी' वेगळी आणि 'सूट' वेगळी, हे खेड्यातला निरक्षर कुणबीही जाणत होता. 1918 चा खेडा सत्याग्रह मुळात तहकुबीसाठी होता. पीक चार आण्यांहून अधिक नसेल तर त्या वर्षाचा सारा तहकूब करावा, असा सरकारचाच नियम होता. गांधीजींनी आणि वल्लभभाईंनी मागितली ती या नियमाची अंमलबजावणी. सारा पुढील वर्षी भरायचा होता, पण तहकूब साऱ्यावर सावकारी व्याज चढत नव्हते. तहकुबी म्हणजे खरोखरच थांबणे होते. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही साऱ्यातील कपात, तहकुबी आणि सूट यांचा वेगवेगळा उल्लेख आहे. महसुलाच्या क्षेत्रात जपलेला हा भेद कर्जाच्या क्षेत्रात मात्र पुसला गेला.

तो कसा पुसला गेला, हे पाहू. नैसर्गिक आपत्तीसंबंधी रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या एकत्रित निर्देशांनुसार पिकाचे नुकसान 33 ते 50 टक्के असेल तर परतफेडीस 2 वर्षांपर्यंत, आणि 50 टक्के वा अधिक असेल तर 5 वर्षांपर्यंत मुदत देता येत असे. दोन्हींत पहिले वर्ष स्थगितीचे. त्या वर्षात हप्ता मागितला जात नाही, परंतु व्याज चालूच राहते. व्याजातील सवलत पुनर्गठित रकमेवर पहिल्या वर्षापुरती मिळते, दुसऱ्या वर्षापासून बँकेचा नेहमीचा दर लागू होतो. इकडे वेळेत परतफेड करणाऱ्याला केंद्र व राज्य यांच्या सवलती मिळून 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज महाराष्ट्रात बिनव्याजी पडते.

याचा अर्थ आकड्यांत असा. समजा, दोघांनी प्रत्येकी 1 लाख रुपये घेतले. ज्याचे पीक वाचले त्याने 1 लाख भरले आणि तो मोकळा झाला. ज्याचे पीक बुडाले त्याच्या कर्जावर पहिल्या वर्षी 7 टक्के दराने 7,000 रुपये चढले. दुसऱ्याही वर्षी पीक गेले, पुन्हा स्थगिती आली, दर 10 टक्के धरला आणि न भरलेले व्याज मुद्दलात मिळवले, तर देणे 1,17,700 रुपये होते. दोन वर्षे 'सवलत' घेतल्याची ही किंमत. आपत्तीत सापडलेला माणूस आपत्ती टळलेल्या माणसापेक्षा महाग कर्ज फेडतो, आणि तरीही दप्तरात लाभार्थी म्हणून नोंदला जातो!

यवतमाळने हा अनुभव पूर्वीच घेतला आहे. 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. यवतमाळ त्यांत होता. थकीत कर्जावरील व्याज माफ झाले, मुद्दलाच्या फेडीसाठी 3 ते 5 वर्षे मिळाली आणि त्यांतले पहिले वर्ष स्थगितीचे होते. व्याज खरोखर काढून टाकणारी म्हणून ही योजना इतर स्थगितींहून उजवीच होती. पण वर्ष सरले तेव्हा जमीन तीच कोरडवाहू होती आणि कापसाचा हिशेबही तोच तोट्याचा होता. 2008 ची कर्जमाफी आली ती 2 हेक्टरची अट घेऊन. अधिक एकर पण कमी उत्पन्न असलेला कोरडवाहू शेतकरी पूर्ण माफीच्या बाहेर राहिला. पुढे 2017 आणि 2019 साली राज्याला पुन्हा कर्जमाफी द्यावी लागली. मिळालेल्या मुदतीत उत्पन्नाची बाजू सुधारली नाही, तर स्थगिती म्हणजे पुढच्या थकबाकीची नुसती प्रतीक्षा ठरते.

स्थगितीचा खरा अर्थ शहरी मध्यमवर्गाला 2020 साली उमगला. कोरोनाच्या काळात 1 मार्च ते 31 ऑगस्ट असे सहा महिने हप्ते थांबले आणि व्याजावर व्याज चढू लागले, तेव्हा कर्जदार सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्राने 2 कोटींपर्यंतच्या कर्जांवरील चक्रवाढीचा फरक परत दिला. घरकर्ज, वाहनकर्ज, एवढेच नव्हे तर क्रेडिट कार्डाची थकबाकीही त्यात आली. पीककर्ज आणि ट्रॅक्टरचे कर्ज मात्र वगळले गेले. 23 मार्च 2021 च्या निकालाने स्थगितीच्या काळातील व्याजावर व्याज कोणत्याच कर्जदाराकडून घेता येणार नाही असे ठरले. संपूर्ण व्याजमाफी न्यायालयाने नाकारली. तरी एक तत्त्व मान्य झाले: ज्याला थांबण्याची अधिकृत परवानगी दिली, त्याला थांबल्याबद्दल दंड करता येत नाही. हे तत्त्व महामारीला लागू होते, तर अतिवृष्टीला आणि अवर्षणाला का नाही?

बँकेतला पैसा ठेवीदारांचा आहे, त्याचे व्याज कोण देणार, हा आक्षेप खोटा नाही. जिल्हा सहकारी बँका आणि गावोगावच्या सोसायट्या बुडवून शेतकरी तरणार नाही, हे समाजवाद्यांनी तरी विसरू नये. पण त्याचे उत्तरही सरळ आहे. स्थगितीचा आदेश जो देतो, त्याने त्या काळाच्या व्याजाचा भार उचलावा. शासनाने औदार्य जाहीर करायचे आणि त्याचे देयक शेतकऱ्याच्या खात्यावर लिहायचे, ही रीत बंद झाली पाहिजे. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा दंडक आपल्या परंपरेत सावकारालाही लावलेला होता. लोककल्याणकारी राज्याने त्याहून खाली उतरू नये.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, यापुढे 'स्थगिती मिळाली' एवढ्यावर सत्काराचे हार आणू नयेत. आदेश हाती येताच चार प्रश्न विचारावेत. थांबले काय, वसुली की व्याजही? किती काळ? त्या काळाचे व्याज कोणाच्या नावे? आणि पुढच्या हंगामाला नवे कर्ज मिळणार की नाही? पुनर्गठनाच्या संमतीपत्रावर शेतकऱ्याची सही घेतली जाते. सही करण्यापूर्वी त्याच्यासमोर या प्रश्नांची उत्तरे मराठीत, आकड्यांसह वाचून दाखवली जावीत, असा आग्रह प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या सोसायटीत धरावा. न समजता दिलेली संमती ही संमती नव्हे.